परतवाड्याचा कोयता

शके १७८५, माघ वद्य पंचमी

आजपासून लिहायचं ठरवलं. काकानं मले अकोटच्या शाळेत घातलं होतं, तेव्हा मास्तर म्हणायचे, भगवंता, हातातलं अक्षर जाऊ देऊ नको. इथं तेल्हाऱ्याजवळच्या ह्या गावात खुशालरावाच्या घरी आल्यापासून अक्षर तर सोडाच, माझं नाव बी कोणी धड घेत नाही. सारे म्हणतात, "खुशालरावाचा पाव्हना." पाव्हणा गोठ्यात झोपतो, बैलांच्या आधी उठतो.

मी घरजावई म्हणून आलो आहे, म्हणजे व्हायचा आहे. मले आईबाप नाही, वावर नाही. खुशालरावाले पोरगा नाही. दोन पोरी आहेत. थोरली शकुन, अन् धाकटी शालू, जिचे अजून दुधाचे दात पडून राहिले. बोलणं असं झालं की मी त्याच्या घरी राबायचं, मग शकुनशी लगीन, अन् नदीकाठचं वावर आमच्या नावावर. किती दिवस राबायचं ते पाडव्याले पंचांसमोर ठरणार. तोवर मी त्याले मामाजी म्हणतो अन् गोदाबाईले मामी.

आज मामाजीनं ओसरीवर बोलावलं. म्हणे, "भगवंता, उगवतीकडचं पडीत तोडून कापूस पेरू. सातासमुद्रापार कुठं लढाई लागली अन् आपल्या पऱ्हाटीले सोन्याचा भाव आला. एक कोयता घेऊन ये. स्वस्त पाह्यजे अन् टिकला पाह्यजे. पसंती तुयी. आमी काही बोलनार नाई. जसा कोयता तसा जावई."

खरं सांगतो, छाती फुगली. ह्या घरात आजवर मले कोणी कशाची पसंती विचारली नव्हती. भाकर कोणत्या भाजीसंग पाहिजे हे सुद्धा नाही.

विहिरीवर शकुन पाणी भरून राहिली होती. बोलायची मुभा नाही, पण ती बादलीकडं पाहत हळूच म्हणाली, "लय चांगला आनू नका बरं." पोरगी काटकसरी आहे. घर नीट चालवेल.

माघ वद्य नवमी, अकोला

मामाजीच्या कापसाच्या गाडीवर बसून आलो. रस्त्यानं नुसत्या कापसाच्याच गाड्या. एकानं बैलांच्या शिंगांले चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. माणूस फाटक्या बंडीत अन् बैल चांदीत!

बाजारात एका बोहऱ्याच्या दुकानात विलायती कोयते टांगलेले. आरशासारखे चकचकीत, मुठीवर पितळी कडं. मी एक घेतला अन् पात्याचं टोक उंबरठ्याले टेकवून दाबलं. वाकलं. सोडलं, तर वाकलेलंच राहिलं. बोहरी ओरडला, "अरे मियाँ, लेना है कि तोडना है?" मी म्हणलं, हेच तर पाहून राहिलो. दुसरा नखानं वाजवला तर नुसतं थप्प. मातीच्या गाडग्यासारखा. अन् किंमत सांगितली ती ऐकून मी पायरी उतरलो.

चंद्रभान बी बाजारात भेटला. तो आमच्या शेजारी उत्तमरावाच्या घरी माझ्यासारखाच घरजावई व्हायले आला आहे. पण त्याची मावशी खुशालरावाच्याच गावची, म्हणून जरा माजात असते. त्यानं काही न पाहता, न वाजवता, ढिगातला एक पातळ कोयता उचलला अन् निघाला. मी म्हणलं, "अबे, पाहून तर घे. हा तर बाभळीच्या काट्यानं बी वाकन." तो हसला. म्हणे, "वाकू दे ना. आपल्याले का त्याच्याशी लगीन लावाचं हाय?"

मूर्ख माणूस.

माघ वद्य चतुर्दशी, परतवाडा

इथवर यायले पाय झिजले, पण आलो ते बरं केलं. डोंगराच्या पायथ्याचा बाजार. मेळघाटातलं लाकूड इथं उतरते, म्हणून लाकूड तोडणारं लोखंड बी इथंच चांगलं मिळते. पलटणीच्या छावणीपल्याड घिसाड्यांची पालं होती. नवरा सांडशीनं लोखंड धरून बसलेला अन् बायको घण मारून राहिली, कपाळावर घाम. जुन्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून तिचाच कोयता करत होते. किती वर्षं दगडगोट्यांवरून फिरलेलं ते लोखंड, ते कशाले भिते?

मी समोर बसून करवून घेतला. पातं मुठीकडं जाड, टोकाकडं रुंद. धारेलेच पाणी पाजलं, पाठ तशीच ठेवली, म्हणजे धार कडक अन् पाठ चिवट. मुठीले धावड्याचं लाकूड, अन् लोखंडाची शेपटी मुठीतून पार काढून मागं वळवलेली, कधी निसटायची नाही. वाजवला तर देवळातल्या घंटेसारखा आवाज. वाळलेल्या बाभळीवर हाणून पाहिला, धारेवर खूण सुद्धा नाही. अन् बोहऱ्याच्या कोयत्याच्या निम्म्यात!

घिसाडीण म्हणाली, "तुज्या नातवाले बी पुरन."

मी खूश होऊन तिले वरून दोन भाकरी दिल्या.

शके १७८६, चैत्र शुद्ध प्रतिपदा

पाडवा. पारावर पंच बसले. नत्थुजी पाटील म्हातारे झाले, डोळ्यांनी कमी दिसते, पण शब्द त्यांचा. चंद्रभानाचा अन् माझा कोयता घोंगडीवर ठेवला. पाटलांनी माझ्या कोयत्यावरून बोटं फिरवली, वाजवला अन् म्हणाले, "वा रे पोट्ट्या! असं लोखंड म्या लय वर्षांनी हाती धरलं." साऱ्यांनी माना डोलावल्या. चंद्रभानाचा त्यांनी नुसता उचलून ठेवला.

मग रीत सांगितली. मले हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, अन् काका अकोटकडचा, त्याले बी ठाऊक नसावं. ह्या गावात घरजावयाची वर्षं मोजत नाहीत, त्याचा कोयता मोजतात. कोयता काम करता करता झिजला, मोडला, कामातून गेला, की त्याच लगनसराईत लगीन. जाणूनबुजून मोडला तर बोलणं मोडलं. नाहीच मोडला, तर पुढच्या वैशाखापासून दर अखाजीले पंच पाहणार अन् जावयाले विचारणार. जावई सांगेल ते खरं.

मनात जरा चर्र झालं. पण एवढं पडीत तोडायचं म्हणजे वर्षाच्या आत कोणताही कोयता झिजेल. अन् मामाजी किती खूश! माझ्या पाठीवर थाप मारली अन् लोकांले सांगत सुटले, "पसंती मानसाची वळख सांगते." घरी आल्यावर त्यांनी स्वतः कोयत्याले गोडंतेल लावलं. बैलाच्या सोललेल्या खांद्याले त्यांनी कधी बोटभर तेल लावलेलं मी पाहिलं नाही.

शकुन दिवसभर समोर आली नाही.

ज्येष्ठ शुद्ध दशमी

उगवतीकडचं रान निघालं. हिवर, बोरी, बाभळी, साऱ्या आडव्या. हाताले घट्टे पडले. कोयता जसाच्या तसा. गावातले लोक मुद्दाम पाह्यले येतात. एकजण तर दर्यापुराकडून आला होता, म्हणे असा कोयता कुठं भेटते?

मामाजी म्हणाले, आता नाल्यापल्याडचं बी तोडून टाकू, भाव आहे तोवर.

श्रावण वद्य तृतीया

आज फार राग आला. कोयता गोठ्याच्या आढ्याले खोचलेला असतो. सकाळी पाहतो तर ताकाच्या मडक्यात बुडालेला! पात्यावर हिरवट-काळे डाग, अन् आंबट वास. मांजरानं धक्का दिला असेल, पण आढ्यावरून थेट मडक्यात पडला कसा? विटेच्या भुकटीनं घासघास घासला, तेल लावलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला. अंगणात उभा राहून ओरडलो बी, "घरात कोनाले चाड नाई का? एवढ्या चांगल्या कोयत्याचं मातेरं केलं असतं!"

मामाजी ओसरीवरून म्हणाले, "शाब्बास. जावई असावा तर असा."

शकुन चुलीपाशी होती. तिनं असं पाहिलं की जसं मीच ताक सांडवलं.

भाद्रपद शुद्ध एकादशी

शकुन बोलत नाही. आधी तरी पाणी देताना लोटा जरा हळू ठेवायची, आता दाणकन आदळते. मी काय केलं? शालूले विचारलं तर ती म्हणे, "ताई म्हनते तुमी येडे हा." पोरांचं काय मनावर घ्यायचं!

तरी बोललेलं मनाले लागलं.

आश्विन वद्य अष्टमी

चंद्रभानाचा कोयता मोडला. जवारीचं ताट तोडता तोडता! मी पोट धरून हसलो. त्याले म्हणलं, "पाहिलं? म्या सांगितलं होतं का नाई?" तो बी हसला. फार जोरात हसला. दोन तुकडे डोक्यावर धरून गावभर नाचला, अन् उत्तमरावाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चंद्रभानाचं लगीन झालं. बुंदी होती. कापसाच्या पैशानं उत्तमरावानं अमरावतीहून वाजंत्री आणली. माझ्यामागून आला अन् नवरदेव होऊन बसला. कानामागून आली अन् तिखट झाली!

जेवताना मामी माझ्या पानात वरण वाढत होत्या, रंगात आलेल्या. म्हणाल्या, "तुमचे मामाजी बी घरजावईच हायेत बरं. आमच्या बाबाच्या घरी आले तवा साऱ्या बाजारातला भंगारातला भंगार कोयता हुडकून आनला होता. पहिल्याच पावसाळ्यात मोडला अन् हे बोहल्यावर!" अन् पदर तोंडाले लावून हसल्या.

माझा घास हातातच राहिला.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

मी गाढव आहे. दुसरा शब्द नाही.

"लय चांगला आनू नका." ते ताक. तो आदळलेला लोटा. माय माझी! पोरगी आपल्या हातानं माझी बेडी सडवून राहिली होती अन् मी ती विटेनं घासून चकचकीत केली. अन् वरून तिच्यावरच ओरडलो.

अन् मामाजी! "जसा कोयता तसा जावई." रानं तोडायले माणूस मिळत नाही, मजूर तोंडाले येईल ती मजुरी मागतात, अन् ह्या माणसानं फुकटचा बैल बांधून ठेवला. दावं बी बैलाकडूनच विकत आणवलं.

जाऊ कुठं? काका म्हणेल, तुले दिलं ते दिलं. अन् शकुनले सोडून पाय निघत नाही, हे बी खरं. नुसत्या पाठमोऱ्या दिसण्यावर माणूस एवढा जीव लावते का? लावते.

पौष वद्य द्वितीया

आता मी कोयत्याचा वैरी. नाल्यातल्या खडकाळ जागेतली झुडपं मागून घेतली, म्हणलं दगड लागून लागून जाईल. दगडाचेच टवके उडतात. धार लावायच्या निमित्तानं रोज सकाळी शिळेवर घासतो. शिळेले खड्डा पडला. संध्याकाळी मामाजी येतात, कोयता उन्हात धरून पाहतात, तेल लावतात अन् आढ्याले खोचतात. म्हणतात, "जप बरं. तुयी पसंती हाय."

आज विहिरीवर शकुनले म्हणलं, "माह्यं चुकलं." ती म्हणाली, "चुकलं तर चुकलं. आता मोडा." पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

शके १७८७, चैत्र शुद्ध त्रयोदशी

लढाई सरून राहिली म्हणतात. अकोल्याहून कापसाच्या गाड्या भरल्याच्या भरल्या परत येतात. मामाजी कोणाशी बोलत नाहीत. नाल्यापल्याडचं जे रान मी वर्षभर तोडलं, तिथं आता काय पेरायचं ते त्यांनाच ठाऊक नाही.

काल मूर्तिजापुराकडचे लोक आले होते. शकुननं त्यांना पाणी दिलं. मामी मले म्हणाल्या, "सोयरे हायेत." सोयरे असे पोरीच्या पायापासून डोक्यापर्यंत पाहतात का? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाप्पा, पोरगी घरात किती दिवस ठेवाची? अखाजीले तुमचा कोयता गेला तर तुमची. नाई गेला तर मंग आमाले इचार करा लागन."

 भाकर तशीच ठेवली अन् कोयता घेऊन रानात गेलो.

चैत्र वद्य दशमी

मोडला! म्हणजे पुरता नाही, पण तडा गेला. हिवराचं वाळकं खोड तोडत होतो, मुद्दाम नाही, देवाशपथ, नेहमीसारखाच घाव घातला अन् हाताले झिणझिण्या आल्या. पाहतो तर मुठीपाशी पात्याले चिरा. नख जाते आत. वाजवला तर आवाज बसका. मी रानातच खाली बसून रडलो अन् हसलो.

मामाजीले दाखवला नाही, नाहीतर घिसाड्याकडून सांधून आणतील; भाव पडल्यापासून ते तेल लावायले येत बी नाहीत. शकुनले मात्र येता येता चिऱ्यावर बोट ठेवून दाखवला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, अन् हसू तरी बाहेर आलंच. अखाजीले विचारतील तेव्हा एकच शब्द बोलायचा आहे: गेला.

वैशाख शुद्ध तृतीया, अखाजी

 

पंच बसले. सारा गाव होता. बाया उत्तमरावाच्या ओसरीवर, त्यांत शकुन. कोयता घोंगडीवर. नत्थुजी पाटलांनी हात फिरवला. म्हाताऱ्या बोटांना चिरा कळला नसेल. म्हणाले, "भगवंता, तूच सांग. कोयता शाबूत हाय का कामातून गेला?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामाजी म्हणाले. हळूच, हसत. "सांग ना बापू, लाजतो काहून? गेला म्हन. परतवाड्याच्या बाजारानं तुले फसवलं. शाळा शिकल्यानं का लोखंड समजते?"

लोक हसले. चंद्रभान बी हसला. मागून कोणी ओरडलं, "अन् दर्यापूरचे लोक पाह्यले येत होते म्हना!" अजून हसले.

काय झालं मले? कानशिलं तापली. परतवाड्यापर्यंत झिजवलेले पाय, ती घंटेसारखी खणखण, पाडव्याचं ते "वा रे पोट्ट्या", सारं एकदम डोक्यात गेलं. मी म्हणलो, "फसवलं? मले?" पाराजवळ बाभळीचं ओंडकं पडलं होतं, बसायचं. कोयता उचलला अन् घातला घाव. एकाच घावात ओंडक्याच्या अर्ध्यात रुतला! ढलपी उडून पाटलांच्या पायाशी पडली. म्हणलो, "पाहा! ह्याले म्हनतात कोयता. आहे का कोनाजवळ असा?"



पाटील म्हणाले, "मंग शाबूत हाय."

मामाजींनी हात जोडले, "जावई सांगन ते खरं."

मी ओसरीकडं पाहिलं. शकुन उठून गेली होती. तिच्या जागेवर शालू एकटी बसून माझ्याकडं पाहत होती.

दैव देते अन् कर्म नेते म्हणतात. माझं कर्म नाही, माझं तोंड.

वैशाख शुद्ध पंचमी

पाटलांच्या घरी गेलो. चिरा दाखवला, त्यांचं बोट धरून त्यात घातलं. त्यांनी बोट चिऱ्यावरून मागंपुढं फिरवलं. मग म्हणाले, "हा अखाजीच्या आधीचा का?" मी हो म्हणलो. "मंग तवा काहून नाई सांगितलं?"

मी म्हणलो, "लोक हसले जी."

म्हातारा म्हणाला, "लेका, हसू द्याचं होतं. हसून लोक आपापल्या घरी जातात." मग म्हणे, "खुशालरावानं मूर्तिजापूरवाल्यांले सुपारी देल्ली काल. आता शब्द फिरवला तर गावाच्या पारावर कोन बसन?"

येताना विहिरीवरून आलो. शकुन नव्हती. मामी पाणी भरत होत्या, त्यांनी बादली सोडून पदर सारखा केला अन् दुसरीकडं पाहिलं.

वैशाख वद्य षष्ठी

उद्या हळद. मांडवाले डहाळे तोडायचं काम मले सांगितलं. दुसऱ्या कोणाले का नाही सांगितलं हे मी विचारलं नाही. नदीकाठच्या जांभळीवर चढलो. हे तेच वावर, जे माझ्या नावावर व्हायचं होतं. एका घावाले एक डहाळी. चिरा तेवढाच आहे, तसूभर वाढला नाही.

डहाळ्यांची मोळी घेऊन अंगणात आलो तर शकुन दारात उभी होती, हिरव्या बांगड्या भरलेल्या. मी मोळी खाली टाकली. म्हणलो, "शकुन." नाव घेऊन पहिल्यांदाच हाक मारली. ती म्हणाली, "तुमाले त्या दिवशी एकच शब्द बोलाचा होता." एवढं बोलून आत गेली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

वैशाख वद्य अष्टमी

लगीन झालं. वरात गेली. मी गाडीमागं वेशीपर्यंत गेलो, सारेच गेले होते.

दुपारी मामाजी गोठ्यात आले. इथं ते कधी बसत नाहीत, आज कडब्याच्या पेंढीवर बसले. म्हणाले, "भगवंता, तू मायावर रागावला असशीन. पन मी शब्दाच्या बाहेर गेलो नाई. तू चांगला मानूस हायस. घरात पोरगा नाई मले. शालू हाय ना? पोट्टी हाय आज, पन पोरी वाढाले का वेळ लागते? राह्य. नदीकाठचं वावर तसंच ठेवतो तुयासाठी. अन् कोयता तर हायच तुयाजवळ, नवा घ्याची गरज नाई."

मी बैलांपुढं कडबा सारत राहिलो. त्यांनी त्याचा अर्थ हो धरला असावा, कारण जाताना पाठीवर थाप मारली.

ते गेल्यावर मनाशी म्हणलं, आजच निघायचं. घोंगडी गुंडाळली, ही वही तिच्यात ठेवली. मग आढ्याचा कोयता काढला, म्हणलं हा तेवढा इथंच मोडून, तुकडे त्याच्या ओसरीवर टाकून जाऊ. हातात घेतला. जांभळीचा रस लागून पातं काळं पडलं होतं. असा कसा टाकायचा? विटेची भुकटी घेतली अन् घासायले बसलो. चिऱ्याच्या आतपर्यंत घासला, गंज धरू नये म्हणून.

मग उठलो, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, अन् मामीले तेलाची वाटी मागितली.